आधी हजर म्हण

तुमच्या घरचं लग्न आहे, मांडव भरलाय, भटजी घड्याळाकडं बघतायत, आणि तेवढ्यात एक काटकुळा म्हातारा माईक हातात घेऊन वऱ्हाडाची हजेरी घ्यायला लागला, तर तुम्ही काय कराल?

हाताला धरून त्याला खाली बसवाल. आमच्या माळवस्तीवर आम्ही तसं करत नाही. आम्ही उभं राहून 'हजर' म्हणतो.

तो म्हातारा म्हणजे आमचे तुळशीराम गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर होऊन त्यांना आठ वर्षं झाली, पण हजेरी घेण्यातून ते रिटायर झालेले नाहीत. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकं थांबवून हजेरी सुरू केली तेव्हा पाहुणे मंडळी फिदीफिदी हसत होती. "नवरीचा मामा!" गुरुजींनी पुकारा केला. कुणी बोलेना. "नवरीचा मामा!" तरी कुणी बोलेना. मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की मामा खरंच मांडवात नाही आणि त्याच्याशिवाय लग्न लागणार कसं? धावाधाव झाली. मामा ज्या टेम्पोतून आला होता त्याच टेम्पोत, चादरीच्या गाठोड्यावर डोकं टेकून गाढ झोपलेला सापडला. गुरुजी माईकवर म्हणाले, "उशिरा येणाराला उभं ऱ्हावं लागतंय. ऱ्हा नवरीच्या मागं उभा."

तेव्हापासून आमच्याकडं लग्नपत्रिका छापायच्या आधी गुरुजींना तारीख विचारतात.

चकलांब्याच्या पुढं, माळावर आमची वस्ती आहे. काही घरं शेतीवाली, काही मेंढरांमागं फिरणारी. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं, कारण माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, थेट परमुलखातल्या कारखान्यांवर. पोरं त्यांच्याबरोबर जातात. लहान पोराला घरी ठेवायचं कुणापाशी? अशा वस्तीत हजेरी घेणारा माणूस वेडाच म्हटला पाहिजे. गुरुजी म्हणतात, "जिथं समदे जागेवर हायेत तिथं हजेरी कावून घ्यायची? जिथं न्हाईत तिथंच घ्यायची."

त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, 'आधी हजर म्हण, मग बोल.' हे फोनवरसुद्धा. आमचा सोपान मेंढरं घेऊन दोन जिल्हे पलीकडं असतो. एकदा गुरुजींनी त्याला फोन लावला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. स्पीकर चालू.

"गुरजी, मागनं लावतो, मेंढरं शिरलीत गव्हात!"

"आधी हजर म्हण."

"गुरजी, मालक काठी घिऊन आलाय!"

"मंग लवकर म्हण की बे!"

"हजर, हजर, हजर!" सोपान ओरडला. पाठीमागून मालकाचा आवाज आला, "कुणापाशी हजर हायस रं?" गुरुजींनी शांतपणे वहीत टिंब मारलं आणि फोन ठेवला.

घरीही तेच. जेवायच्या आधी घराची हजेरी. पोरगा पुण्याला कंपनीत आहे, तो फोनवरून 'हजर' म्हणतो. लेक अंबाजोगाईला नर्स आहे, तिला बोलायला सवड नसते, पण "हजर, आण्णा" एवढं म्हणून ती फोन ठेवते. मग गुरुजी चुलीकडं तोंड करून म्हणतात, "गोदावरी तुळशीराम." गोदाकाकू भाकरी थापत असतात.

"हजर हाय मेली! चाळीस वर्सं ह्याच चुलीपशी हजर हाय. एखादा शेरा तरी द्या कवा!"

"प्रगती समाधानकारक," गुरुजी म्हणतात.

"तुमची न्हाई झाली ती!" काकू म्हणतात, आणि पहिली भाकरी त्यांच्याच ताटात पडते.

आमच्या भागात एक पुढारी आहेत, त्यांना सगळे दादा म्हणतात. तेही गुरुजींच्या हाताखालचे, पटावर नंबर बारा. सभामंडपाच्या उद्घाटनाला दादा आले, हार झाले, सत्कार झाले, दादा टेकून बसले. एवढ्यात गर्दीतून गुरुजींचा आवाज, "बारा!" दादा खुर्चीतून ताडकन उठले आणि म्हणाले, "हजर!" मागाहून त्यांना कळलं आपण काय केलं, पण तोवर सगळा मांडव हसत होता.

"मागल्या इलेक्शनपासून गैरहजर होतास," गुरुजी म्हणाले. "कारण लिहून आन. पालकाची सही पायजे."

"पालक कोण, गुरजी?" दादांनी हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला.

गुरुजींनी सतरंजीवर बसलेल्या बायकांकडं हात केला. "ह्या."

दादा पुन्हा वस्तीवर आलेले नाहीत. गुरुजींनी त्यांची गैरहजेरी मांडणं सोडलेलं नाही.

गुरुजी शाळेत असताना मी त्यांचा विद्यार्थी होतो, आणि माझा नंबर अठरा. हे सांगायचं कारण आहे. गुरुजी हजेरी घेताना आधी नंबर म्हणत, मग नाव. सोळाव्या नंबरापर्यंत हजेरी धडाधड चालायची. मग ते 'सतरा' म्हणायचे आणि नाव घ्यायचेच नाहीत. थांबायचे. वर्ग चिडीचूप. पाच-सहा श्वास जायचे. मग 'अठरा' आणि माझं नाव. मी तेवढ्या वेळात घसा साफ करून घ्यायचो. सतरा नंबर कुणालाच नव्हता. माझ्या वडिलांच्या वेळीही नव्हता. आम्ही पोरं म्हणायचो, गुरुजींना सतरा आकडा धार्जिणा नाही.

रिटायर झाल्यावरही ते रोज परिपाठाला शाळेत येतात आणि हजेरी घेतात. आताच्या बाई तरुण आहेत, समजूतदार आहेत. त्या म्हणतात, "माझी हजेरी मोबाईलवर, गुरुजींची तोंडी. दोन्ही होऊ द्या." त्या तोंडी हजेरीतही सतराव्या नंबरावर थांबणं चालूच आहे.

गेल्या हिवाळ्यात बातमी आली की पट कमी म्हणून आमची शाळा बंद करून दूरच्या शाळेत मिसळणार आहेत. शिक्षण खात्याचे साहेब येऊन प्रत्यक्ष डोकी मोजणार. मी पेटून उठलो. मला दुसरं येत नाही, मी पत्रकं वाचतच वाढलो, आमच्या घरात पुस्तकाआधी पत्रक आलं. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं आणि छापायच्या आधी गुरुजींना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल काढली.

"'आम्ही हे खपवून घेणार नाही.' आम्ही म्हंजी कोण?"

"आपण, गुरुजी. जनता."

"जन्ता नावाचं पोरगं आपल्या पटावर हाय का? कितवा नंबर?"

"तसं नाही, गुरुजी..."

"'शेकडो बालकांचे भवितव्य.' शेकडो कुठून आणलेस? सव्वीस हायेत. नावं लिही, नावं! अरं पत्रक्या, तुज्या ह्या कागदात धिक्कार दहा येळा हाय आन् नाव एक बी न्हाई. आकडा कापता येतो बे. नाव कापताना माणसाकडं बघावं लागतंय."

तेव्हापासून ते मला पत्रक्याच म्हणतात. मी रागावून घरी गेलो. पण पत्रक छापलं नाही.

साहेब आले त्या दिवशी वर्गात सात पोरं होती. पटावर सव्वीस. बाकी एकोणीस उसात, नाहीतर मेंढरांमागं. साहेब तसे वाईट नव्हते, पण त्यांना त्याच दिवशी आणखी चार शाळा उरकायच्या होत्या. त्यांनी सात डोकी मोजली आणि बाईंना म्हणाले, "सतत गैरहजर आहेत त्यांची नावं कमी करा. उरलेल्या सातांसाठी शाळा चालवता येणार नाही."

बाईंचा चेहरा उतरला. कोपऱ्यातून गुरुजी उठले. "साहेब, गैरहजर म्हंजी मेला न्हाई."

"आपण कोण?"

"आधी तुमी हजर म्हणा, मग सांगतो."

पोरं खुदकली. साहेब चिडले. त्यांनी गुरुजींच्या हातातली वही ओढून घेतली, चाळली आणि एकदम थांबले. "पट सव्वीस आणि तुमचा शेवटचा नंबर सत्तावीस? आणि हा सतरा नंबर कोण? नाव नाही, गाव नाही. असाच बोगस पट फुगवता तुम्ही लोक."

आता गुरुजी काहीतरी असं बोलतील की साहेबांची गाडी उलट्या गिअरमध्ये जाईल, म्हणून मी वाट बघत होतो. पण तसं झालं नाही. त्यांनी वही परत घेतली, सतराव्या ओळीवर तळहात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "मला आठ दिवस द्या. एकोणीसच्या एकोणीस तुमच्यापुढं हजर करतो. एक कमी भरला तरी मी सोता कुलूप आणून देतो."

साहेबांना ही पैज वाटली. "आठ दिवस," ते म्हणाले. "नाहीतर नावं कमी."

संध्याकाळी मी गुरुजींच्या घरी गेलो. ते ओट्यावर नव्हते. गोदाकाकू शेंगा फोडत बसल्या होत्या. मी विचारलं, "काकू, सतरा नंबर कोण?"

काकूंचा हात थांबला. "इतकी वर्सं लागली का रं तुमाला इचारायला?"

मग त्यांनी सांगितलं. गुरुजींची नोकरी नवीन होती. नियम पाठ होते आणि अंगात खुमखुमी होती. दिवाळीनंतर पोरं उसाला गेली, गुरुजींनी दोन महिने वाट बघितली आणि नियमाप्रमाणे लाल शाईनं नावं कमी केली. उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. शाळा सुटायला थोडे दिवस होते. त्यातली बाकीची पोरं आलीच नाहीत, एक पोरगी आली. मंगल तिचं नाव. नंबर सतरा. केस विंचरून, पाटी धुऊन, दुसऱ्या रांगेत तिच्या जुन्या जागी बसली. हजेरी सुरू झाली. सोळा झाला. पोरीनं 'हजर' म्हणायला तोंड उघडलं. गुरुजींनी सतरा गाळून अठरा घेतला.

"तशीच बसली म्हणं, तोंड उघडं ठिऊन, हजेरी सरंपत्तुर," काकू म्हणाल्या. "ह्यांना वाटलं, उद्या बापाला घिऊन यील, नाव परत घालू. उद्या काय आली न्हाई. पाटी घिऊन उठून गेली ती गेलीच. म्होरल्या साली तिच्या हातात कोयता. त्याच्या म्होरल्या साली नांदूरघाटाकडं दिऊन टाकली. ह्यांनी लई हुडकली. रिटायर झाल्यापसून दर साली कारखान्यावर जातेत, पोरांची हजेरी घ्यायला, खरं हाय. पर परतेक टोळीला इचारतेत, नांदूरघाटाकडली मानसं कुठं उतरलीत म्हून." काकूंनी शेंगांचं सूप झटकलं. "तिला घावलं तर काय बोलायचं, त्ये काय त्यांना ठावं न्हाई. त्याचंच भ्या बी वाटतंय त्यांना."

चौथ्या दिवशी मी आणि गुरुजी एसटीनं निघालो. बरोबर हजेरीची वही, पाण्याची बाटली आणि काकूंनी दिलेल्या दहा भाकऱ्या. एकोणीसपैकी अकरा पोरं एकाच कारखान्याच्या तळावर होती, आठ इतरत्र. त्या आठांच्या आई-बापांना गुरुजींनी आधीच फोन करून ठेवला होता, "मंगळवारी सकाळी दहाला पोराला उसातनं बाहेर काढायचं, तोंड धुवायचं, फोनपशी बसवायचं."

कारखान्याजवळच्या त्या मोकळ्या रानात पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या शंभरभर कोप्या होत्या. माणूस वाकूनच आत जाईल एवढ्या बुटक्या. बैल, बैलगाड्या, चुलींचा धूर. गुरुजी मधोमध उभे राहिले आणि शाळेत मारायचे तशी आरोळी ठोकली, "माळवस्ती! रांग!"

कोप्यांतून, गाड्यांखालून, बैलांच्या पायांमधून आमची पोरं निघाली. अकरा. कुणाच्या हातात उसाच्या हिरव्या शेंड्यांची, वाढ्यांची पेंढी, कुणाच्या काखेत धाकटं भावंड. दुसऱ्या गावांची पोरंही येऊन बसली. "आमचं बी नाव घ्या की!" "घेतो," गुरुजी म्हणाले, "आधी रांगेत बस."

मी साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. गुरुजींनी फोनकडं बघून सांगितलं, "साहेब, आधी हजर म्हणा."

साहेबांसमोर पडद्यावर अकरा पोरं आणि त्यांच्यामागं आणखी तीस-चाळीस, सगळी त्यांच्याकडं बघत होती.

"हजर," साहेब म्हणाले.

हजेरी सुरू झाली. तळावरची पोरं उभी राहून ओरडत होती. लांबच्या पोरांचा आवाज गुरुजींच्या फोनमधून येत होता, आणि शाळेतली सात बाईंच्या फोनवरून. सोपानची लेक माळरानावरून 'हजर' म्हणाली आणि मागून मेंढरंही म्हणाली. चौदा, पंधरा, सोळा.

"सतरा," गुरुजी म्हणाले आणि नेहमीसारखे थांबले.

"हजर."

आवाज पोराचा नव्हता. सगळ्यांनी मागं बघितलं. रांगेच्या शेवटी एक बाई मांडी घालून बसली होती. केस पिकलेले, हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे, मांडीवर नातू. ती कधी येऊन बसली कुणी पाहिलं नव्हतं. शेजारचा तळ नांदूरघाटाकडच्या टोळीचा होता, हे आम्हाला नंतर कळलं.

गुरुजींच्या हातातली वही खाली आली.

"हजर म्हणलं न्हवं मी," ती बाई पुन्हा म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "तवा बी हजरच होते गुरजी. दुसऱ्या रांगेत. तुमी बघितलं माज्याकडं. बघून अठरा म्हणलात. कावून?"

पुढाऱ्याला उभं करणारे, साहेबाला हजर म्हणायला लावणारे आमचे गुरुजी त्या बाईसमोर उभे होते. मग त्यांनी वही माझ्याकडं दिली, दोन्ही हात वर नेले आणि स्वतःचे दोन्ही कान धरले. भर तळावर, पन्नास पोरांसमोर, कान धरून उभे राहिले.

पोरं हसायला लागली. हसणारच. गुरुजीनं कान धरलेले त्यांनी कधी बघितले होते? मंगलबाई हसल्या नाहीत. त्या नातवाला कडेवर घेऊन उठल्या, जवळ आल्या आणि म्हणाल्या, "सोडा कान. वाईट दिसतंय. पोरं खोळंबलीत, म्होरलं नाव घ्या."

"आधी तुझं लिवतो," गुरुजी म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं. "पूर्ण नाव सांग."

"बापाचं लावू का नवऱ्याचं?"

"तुझं सांग."

"मंगल."

"पुरं झालं," गुरुजी म्हणाले आणि सतराव्या ओळीत निळ्या शाईनं ते नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग घसा खाकरला. "अठरा!"

सत्तावीसपर्यंत सगळे हजर होते. मी फोनकडं बघितलं तेव्हा पडदा काळा होता. रेंज गेली होती की साहेबांनीच कट केला, मला आजही माहीत नाही. त्यांनी नंतर बाईंना एवढंच कळवलं, 'नावं तूर्त कमी करू नयेत.' तूर्त! हा शब्द मला चांगला ओळखता येतो. शाळा आज चालू आहे, निर्णय वर अडकलेला आहे, आणि पुढच्या हंगामाला पुन्हा कुणीतरी डोकी मोजायला येईल. यावं त्यांनी. मुलं शाळेत नाहीत म्हणून शाळा बंद करणार असाल, तर मुलं जिथं आहेत तिथं शाळेला यावं लागेल, आणि आमचे गुरुजी वही घेऊन आधीच तिथं उभे असतील. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसून भाकरी खात होते. मी विचारलं, "गुरुजी, आता हजेरीत थांबणार नाही ना?"

"थांबणार," ते म्हणाले. "ती उसात असंल. फोन लावायला लागंल. टायम लागतोय."

मी आता पत्रकात धिक्कार लिहीत नाही. म्हणून हा कागदही घोषणेनं संपवत नाही, तुम्हाला एक काम सांगून संपवतो. तुमच्या गावाजवळ साखर कारखाना असेल, तर या हंगामात कोप्यांच्या तळावर जा. बिस्किटाचे पुडे नेऊ नका, पोरांबरोबर फोटो काढू नका. एक वही न्या. प्रत्येक पोराला त्याचं नाव विचारा, गाव विचारा, शाळा विचारा. त्या शाळेला फोन करून सांगा की हे मूल जिवंत आहे, इथं आहे, त्याचं नाव कापू नका. आणि वहीतून त्याचं नाव मोठ्यानं वाचलंत की लगेच पुढच्या नावावर जाऊ नका. ते 'हजर' म्हणेपर्यंत थांबा.